जिनिंगच्या बाजूला कुणीतरी होतं

शकील,

पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या. वय, मोटर वाइंडिंगचं दुकान, मागे कोण कोण आहे, दफनाची मिट्टी किती वाजता. सगळं बरोबर होतं, आणि त्यात तू कुठंच नव्हतास. नेरच्या बसस्टँडमागच्या नेट कॅफेत, भिंतीकडच्या शेवटच्या खुर्चीवर, हेडफोन लावून न हलता बसलेला मुलगा त्या चार ओळींत मावणारा नव्हता. तो मुलगा मला ठाऊक आहे. त्याच्याशी बोलायचं राहिलं आहे.

एक वाक्य तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस. "कोनीतरी होतं तिथं." गुड्डूच्या लग्नात पंगतीला बसल्यावर बोललास, ईदला तुझ्या घरी आम्ही शीरखुर्मा खात असताना बोललास, मी दवाखान्यात भेटायला आलो तेव्हाही तेच बोललास. आम्ही हसायचो. तूही हसायचास, पण सगळ्यांत आधी थांबायचास. बाकीच्यांसाठी ती जुनी गंमत होती. तुझं मात्र तिच्यावर नाव अडकलं होतं. त्या दिवशी तू जागा राखत होतास की कोपऱ्यात लपला होतास, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर कुणाजवळच नव्हतं.

परवा तुझ्या दारात ते उत्तर मिळालं. ते सांगायलाच लिहायला बसलो आहे. पण पहिल्यापासून सांगू दे. मला घाई जमत नाही, आणि तुला ती कधी आवडली नाही.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आपल्या जिल्ह्याचं नाव रोज टीव्हीवर यायचं. बाहेरगावचे पत्रकार गाड्या घेऊन खेड्यांतून फिरायचे आणि फोटो पाठवायला नेरमध्ये जागा एकच होती, पप्पूभाऊचा नेट कॅफे. ते आले की पप्पूभाऊ आपल्यातल्या एकाला खुर्चीवरून उठवायचा. एकदा एका पत्रकाराने तुझ्या पडद्याकडे पाहून विचारलं होतं, की बाहेर काय चाललं आहे आणि तुम्ही पोरं इथं बंदुका चालवत बसता? तू खुर्ची त्याला दिलीस आणि सांगितलंस, की साहेब, लाईट जायची वेळ झाली आहे, आधी फोटो पाठवून घ्या, मग मला विचारा. त्याचे फोटो गेले आणि मागोमाग लाईट गेली. नंतर तो कॅफेच्या पायरीवर तुझ्याशेजारी बसून बराच वेळ बोलत होता. काय बोललात, ते मी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस.

खेळ काय होता ते तुला सांगायची गरज नाही, पण हे दुसरेही वाचतील. पाच जणांविरुद्ध पाच जण. एक बाजू हल्ल्याची, एक राखणीची. हल्ला करणाऱ्यांपैकी एकाच्या पाठीवर बॉम्ब असतो आणि तो गावातल्या दोन ठरलेल्या जागांपैकी एकीवर लावायचा असतो. राखणाऱ्यांनी तो लावू द्यायचा नाही. लागलाच तर फुटायच्या आत निकामी करायचा. वेळ संपेपर्यंत लागला नाही, तर डाव राखणाऱ्यांचा. अर्धी मॅच झाली की बाजू बदलायच्या. खेळातलं गाव कुठल्यातरी वाळवंटातलं होतं, पण आपण त्याचं नेर करून टाकलं होतं. कमानीजवळच्या जागेला आपण 'स्टँड' म्हणायचो, आणि खोक्यांच्या थप्प्या असलेल्या आवाराला, नेरच्या कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावरून, 'जिनिंग'.

स्टँडवर गुड्डू असायचा. अडत्याचा मुलगा, आपला कॅप्टन, आवाज असा की पप्पूभाऊ त्याला माइक लावू द्यायचा नाही. त्याच्यासोबत प्रशांत आणि राजू. जिनिंगवर तू आणि मी. मी का, तर मला दुसरीकडे कुणी घेत नव्हतं. माझे वडील शाळेत मास्तर, माझ्या हातात सतत पुस्तक, नेम यथातथा. तुम्ही सगळे मला मास्तरच म्हणायचात. तू मात्र जिनिंगवर आपणहून आला होतास. गुड्डूनं तुला पहिल्यांदा विचारलं, की तुझा नेम चांगला आहे, तू पुढं का येत नाहीस, तेव्हा तू म्हणालास की पुढं गर्दी आहे.

जिनिंगकडे फारसं कुणी येत नसे. सुरुवातीचे एक-दोन डाव यायचे, मरायचे, मग नाद सोडायचे. त्यामुळे आपल्या वाट्याला नुसतं थांबणं यायचं. त्या थांबण्यात मी मांडीवर पुस्तक उघडायचो. दुसऱ्या कुणी मला टेबलाखालून लाथ मारली असती. तू पडद्यावरची नजर न हलवता म्हणालास, "तू वाच मास्तर. मी ऐकून राह्यलो."

मी किती पाने त्या खुर्चीवर वाचली असतील. नंतर मोठमोठ्या ग्रंथालयांत बसलो, तिथं चांगली शांतता होती, चांगला उजेड होता. पण शेजारी कुणी माझ्या वाटचं ऐकत बसलेलं नव्हतं. हे तुला एकदा सांगायला हवं होतं. तू म्हणाला असतास, पुस्तकी बोलू नको.

ऐकणं हा तुझा खेळ होता. कॅफेतल्या सगळ्या हेडफोनांचा एकेक कान गेलेला. तू एक घरी नेलास, वडिलांच्या दुकानात सोल्डरिंगची कांडी लावून दोन्ही बाजू चालू करून आणलास, आणि पप्पूभाऊकडून कबूल करून घेतलंस की तो कुणाच्याही डोक्यावर असो, मॅचच्या वेळी तुला मिळेल. कोण धावतो आहे, कोण दबकत चालला आहे, लाकडावर पाय पडला की दगडावर, ते तू बोटाने टेबलावर दाखवायचास. बोटांच्या त्या हालचालींवरून मी बंदूक वळवायचो. बोलायची गरज पडत नसे.

मॅच संपली की पडद्यावर कुणी किती मारले त्याचा तक्ता यायचा. गुड्डू वर, तू खाली, माझ्या थोडा वर किंवा थोडा खाली. गुड्डू तो तक्ता मोठ्याने वाचायचा आणि तुझ्या नावाशी आला की म्हणायचा, "अन् हा आपला कॅम्पर." जो एका जागी दबा धरून बसतो, समोरासमोर लढत नाही, तो कॅम्पर. त्या वयाच्या मुलांत त्याहून वाईट शिवी नव्हती. तू चिडायचा नाहीस. एकदाच म्हणालास, "जे आलेच नाही, ते कोन्या रकान्यात लिह्यतं रे?" गुड्डूला ते कळलं नाही. मला कळलं, पण मी गप्प राहणारा.

तू असा का खेळायचास, ते मला एका दुपारी समजलं. जिनिंगमध्ये पाण्याच्या मोटारी बसवायचं काम तुझ्या अब्बांकडे होतं आणि हंगामात तू त्यांच्याबरोबर तिथं असायचास. खऱ्या जिनिंगमध्ये. त्या वर्षी कापूस कमीच होता, तरी आवारात चार-सहा गंज्या लागल्या होत्या. भर दुपारी एका गंजीने पेट घेतला. सगळे तिकडे धावले. तूही निघालास, तर अब्बांनी तुझं मनगट धरलं आणि तुझ्या हातातला पाइप होता त्याच गंजीवर धरायला लावला, जिला काहीच झालं नव्हतं. लोक तिकडे बोंबलत होते, मुनीम शिव्या देत होता, आणि तू कोरड्या, पांढऱ्याशुभ्र कापसावर पाणी मारत उभा. तुला लाज वाटत होती, असं तू मला म्हणालास. मग वारा फिरला आणि ठिणग्या तुझ्या गंजीवर येऊन पडल्या. ओल्या कापसावर विझल्या. पेटलेली गंजी गेली, बाकीच्या राहिल्या. जिनिंगचा तो जुना रिवाजच होता: ज्याची जी गंजी, त्याने ती सोडायची नाही. जो आगीकडे धावतो, तो दुसऱ्या आगीला जागा करून देतो.

"तेव्हापासून लोक एका बाजूले धावले की मले दुसऱ्या बाजूची भीती वाटते," तू म्हणाला होतास. मी विचारलं, अब्बा काही बोलले का नंतर? तू म्हणालास, नाही, घरी येऊन मोटर उघडून बसले.

मग यवतमाळच्या एका कॉलेजात त्या खेळाची स्पर्धा लागली आणि आपण पाचही जण एसटीने गेलो. नेरहून दुसरी कुठली टीम गेल्याचं मला आठवत नाही. गुड्डूनं सगळ्यांना एकाच रंगाचे टी-शर्ट आणले होते, तुझा दंडात घट्ट होत होता. कॉलेजच्या हॉलमध्ये जनरेटर होता, पंखे होते, नवे कोरे हेडफोन होते. तू तो हेडफोन हातात घेऊन उलटासुलटा बघत राहिलास. प्रशांत म्हणाला, "चल बे, खोलू नको आता त्याले."

पहिल्या मॅचेस आपण कशाबशा जिंकलो. शेवटची राजूरच्या टीमशी होती. वणीजवळचं कोळसाखाणीचं राजूर. ती मुलं खाणीच्या क्वार्टरांत वाढलेली आणि तिथं लाईट जात नसे. इथंच आपली चूक झाली, आणि ती चूक नेरच्याच पोरांनी करावी अशी होती. आपण भारनियमनात शिकलेलो. पप्पूभाऊचा इन्व्हर्टर डाव संपेपर्यंत टिकेल याची खात्री नसायची, म्हणून आपल्याला हल्ला म्हणजे एकच माहीत होता: डाव सुरू झाला की सगळ्यांनी मिळून धावायचं आणि लाईट जायच्या आत काय ते उरकायचं. इतकी वर्षं आपण कॅफेतल्या पोरांशीच खेळलो, सगळेच धावणारे, त्यामुळे ती खोड आहे हे कुणाला दिसलंच नव्हतं. यवतमाळच्या त्या हॉलमध्ये लाईट जाणार नव्हती, तरी आपण प्रत्येक डावात सुटल्यासारखे धावलो. राजूरची मुलं निवांत बसून वाट बघायची आणि आपल्याला एकेक करून टिपायची. गुड्डूच्या कपाळावर घाम आला होता. तू त्याला म्हणालास, थोडं थांबून जाऊ. तो म्हणाला, थांबायचं काम तुझं.

बाजू बदलल्या तेव्हा आपण इतके मागे होतो की राजूरच्या मुलांनी चहा मागवला. आणि मग तुझा खेळ सुरू झाला.

ते पहिल्यांदा जिनिंगकडे आले. तू बोटाने मला तीन दाखवलेस, मग एक बोट मोडलंस, मग दुसरं. पुन्हा आले, पुन्हा गेले. त्यानंतर ते आपल्याकडे फिरकेनात. सगळे हल्ले स्टँडवर. तिथं गुड्डू, प्रशांत, राजू जिवावर उदार होऊन खेळत होते, आणि कुठून हल्ला येणार हे ठाऊक असल्यामुळे जिंकतही होते. एकेक डाव करत आपण बरोबरीला आलो. हॉलमधली मुलं आपल्या मागे येऊन उभी राहिली. ती सगळी गुड्डूच्या खुर्चीमागे होती, हेही मला आठवतं. तुझ्या मागे भिंत होती.

शेवटचा डाव. स्टँडवर गोळीबार सुरू झाला आणि गुड्डू ओरडला, दोघंही इकडे या. मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवलीस. "तू जाय मास्तर. मी हाय." मी गेलो. तो पुन्हा ओरडला, "शकील, ये ना बे!" तू नाही आलास. मला तुझं टेबलावरचं बोट दिसलं. एक बोट, सरळ, तसंच.

स्टँडवर आम्ही चौघंही पडलो, मी सर्वांत शेवटी. त्यांचे तीन उरले. त्यांतला बॉम्बवाला कुठून तरी धावत आला आणि वेळ संपता संपता त्याने तो स्टँडवर लावला. तेव्हा तू जिनिंग सोडलीस. एकटा आलास, एकाला मारलंस, दुसऱ्याला मारलंस, तिसऱ्याला चुकवून बॉम्बपाशी बसलास. तुझे हात बॉम्बवर होते तेव्हा तो फुटला. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की जनरेटर ऐकू आला. मी आयुष्यात पुष्कळ चांगलं वाचलं आहे, पण इतकं सुंदर हरणं मला कुणी लिहून दाखवलेलं नाही.

परतीच्या एसटीत गुड्डू पेटला. थोडा आधी आला असता तर कप आपला होता, म्हणाला. तिथं रिकाम्या जागेत कोणाची राखण करत होता?

"कोनीतरी होतं तिथं," तू म्हणालास. "मले पाय ऐकू आले. दबकत आला, अन् थांबला."

"तिकडे सारे स्टँडवर होते. कोन थांबीन बे तिथं?"

"थांबला होता."

"तुह्या अब्बाच्या दुकानातली मोटर ऐकू आली असन," गुड्डू म्हणाला, आणि अर्धी एसटी हसली. "कॅम्पर तो कॅम्पर."

तू खिडकीकडे तोंड केलंस. मी तुझ्या बाजूने बोललो होतो, हे तुला आठवत असेल. पण माझा आवाज त्या एसटीच्या आवाजापुढे किती पुरणार.

त्यानंतर सगळं पांगलं. ती खरी जिनिंग आधी एका पाळीवर आली, मग बंद झाली. पप्पूभाऊनं कॉम्प्युटर विकून मोबाइल रिचार्जचं दुकान टाकलं. गुड्डूनं अडत सोडून ट्रॅक्टरच्या पार्टचा धंदा धरला. मी शिकत शिकत अमरावतीला गेलो आणि तिथंच राहिलो. तू अब्बांच्या दुकानात बसलास. विहिरी आटल्या, कापसाला भाव नाही, जळालेली मोटर लोक तार भरायला टाकायचे आणि न्यायला यायचे नाहीत, अशी वर्षं गेली, पण दुकान सकाळी उघडलेलं असायचं. मी एकदा त्यात काही मोठेपणा शोधायला गेलो, तर तू ते हाणून पाडलंस. म्हणालास, मला दुसरं काही येत नाही म्हणून बसलो आहे, तू प्रत्येक गोष्टीचा धडा नको करत जाऊ. नाही करत.

पण त्याच दिवशी, दुकानाच्या बाकड्यावर चहा पिताना, तू मला विचारलंस, "मास्तर, खरं सांग. तुले का वाटते? होतं का कोनी?"

मी म्हणालो, माझा तुझ्यावर विश्वास आहे, तू ऐकलंस म्हणजे होतं.

तू तांब्याची तार गुंडाळत होतास. ती न थांबवता म्हणालास, "विश्वास त माह्यी बायको बी ठेवते. मले पक्कं पायजे." मग थोड्या वेळाने म्हणालास, "कधी कधी मलेच वाटते, नसन कोनी. भेलो असन मी."

हे तू फक्त मला बोललास. ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो, कारण आता ते सांगून तुझं काही कमी होत नाही.

तू गेल्यावर गुड्डूनं तो जुना फोटो शोधून काढला, टी-शर्टमधला, आणि फोनवर सगळीकडे पाठवला. खाली लिहिलं, आपला कॅम्पर गेला. त्याने प्रेमानेच लिहिलं होतं. मिट्टी देताना मी त्याला रडताना पाहिलं आहे. तरी तो शब्द वाचून मला फोन खाली ठेवावा लागला.

परवा तुझ्या दारात आम्ही खुर्च्या टाकून बसलो होतो. मी, गुड्डू, तुझा धाकटा भाऊ, मोहल्ल्यातले दोघं-तिघं. एक अनोळखी माणूस मोटरसायकलवरून उतरला. मारेगावहून आलो म्हणाला, नाव दिनेश, मूळचा राजूरचा. फिरत फिरत तो फोटो त्याच्यापर्यंत गेला होता. गुड्डूनं ओळखलं आणि त्याला शेजारी बसवलं. इकडचं तिकडचं बोलणं झालं. पाणी झालं. मग दिनेशनं विचारलं, फोटोखाली कॅम्पर कोणाला लिहिलं आहे?

गुड्डूनं सांगितलं. शेवटचा डाव सांगितला, एसटी सांगितली, मोटर ऐकू आल्याचा विनोदही सांगितला. खुर्च्यांवरचे लोक हसले. दिनेश हसला नाही. हातातला पेला त्याने खाली ठेवला.

"मी होतो तिथं," तो म्हणाला. "बॉम्ब माझ्याजवळ होता."

मग त्याने सगळं सांगितलं. त्यांचं ठरलं होतं, की चौघांनी स्टँडवर गोंधळ घालायचा, नेरचे सगळे तिकडे धावले की दिनेशनं रिकाम्या जिनिंगमध्ये शिरून बॉम्ब लावायचा. तो दाराशी आला, तेव्हा आतून एक जण धावत गेल्याचं त्याला ऐकू आलं. तो मी. आता आत जायचं होतं. तो थांबला. आत काहीच आवाज नव्हता. नेरची बाकीची पोरं सतत धावायची, म्हणाला, त्यांचं भय वाटत नव्हतं. पण इथं कुणीतरी न हलता बसलं आहे आणि आपलंच ऐकतं आहे असं त्याला वाटलं. पुढे पाय उचलेना. डाव निम्म्याहून जास्त संपला तरी तो तिथंच भिंतीला लागून उभा. शेवटी त्याच्या टीमची मुलं ओरडायला लागली, तेव्हा तो उलटा फिरून स्टँडकडे पळाला. नंतर त्यांच्या कॅप्टननं जाब विचारला, तर रस्ता चुकलो म्हणून सांगितलं.

"जिंकलो होतो, म्हणून कोणी जास्त विचारलं नाही," दिनेश म्हणाला. "मी पण कोणाला बोललो नाही. भिऊन उभा होतो हे काय सांगायचं?"

गुड्डूनं विचारलं, शकील जागेवरून उठला असता तर?

"तर मी आत गेलो असतो. आरामात लावला असता. इतक्या जवळ येऊन हरलो, असं तुम्हाला वाटलंच नसतं."

दारावरचा पडदा हलला. तुझी मुलगी सना बाहेर आली. भाभी इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावरच्या त्या दिवसांत परक्यांसमोर येत नाहीत; त्या आतल्या बाजूला पडद्याशीच बसल्या असणार. सना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, अम्मी म्हणते ते पुन्हा एकदा सांगायला सांगा. जोरात."

दिनेशनं पुन्हा सांगितलं. या वेळी तो खुर्चीवरून उठून, दाराकडे तोंड करून, शाळेत उत्तर द्यावं तसा सांगत होता. सना आत गेली आणि परत येऊन सगळ्यांना चहा घ्यायला सांगून गेली. तुझ्या घरी शेजाऱ्यांकडून आलेला तो चहा आम्ही प्यायलो. मला त्या घोटांत शोक कमी आणि अभिमान जास्त होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मला पुढचंही लिहायचं आहे, कारण तू धडा नको म्हणाला होतास तरी वाद घालायला मनाई केली नव्हतीस. समजा, दिनेश आला नसता. समजा, त्याने मारेगावातच हे मनात ठेवून दिवस काढले असते. समजा, त्या दाराशी खरोखरच कुणी नसतं. तरी तू जिनिंग सोडली नाहीस हे बरोबरच होतं. कुणी येतं का, यावर राखणाऱ्याची किंमत ठरत नाही. तू म्हणशील, मास्तर, मले पक्कं पायजे. मी म्हणेन, पक्कं तर झालं, पण त्याआधीही तू तूच होतास. तू हसशील. हा वाद आपला संपणार नाही, आणि तो संपवायची मला इच्छाही नाही.

दिनेश गेल्यावर गुड्डूनं फोन काढला, फोटोखालचे शब्द पुसले आणि नवीन काय लिहावं ते सुचेना म्हणून फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, घरी जाऊन लिहितो.

"लिह्य," तो म्हणाला. "जास्त नको लिहू. शकील बराबर होता, एवढंच लिह्य. अन् कॅम्पर म्हननारा मी होतो, ते माह्या नावानिशी लिह्य."

म्हणून लिहितो. शकील बरोबर होता. त्याला कॅम्पर म्हणणारा गुड्डू होता, आणि हे लिहायला त्यानेच सांगितलं आहे. त्याचं सांगणं एवढंच होतं. बाकीचं सगळं मी माझ्यासाठी लिहिलं.